माहेरचं नाव

माझ्या बायकोचं माहेरचं नाव मीना. लग्नानंतर मी ते बदललं. बदलून जे ठेवलं ते इथे लिहू नका, असं तिने मला बजावलं आहे, म्हणून लिहीत नाही.

नाव बदलण्यात त्या काळी कुणाला काही वावगं वाटत नसे. साठचं दशक निम्मं सरलं होतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि तिथे एका ठेकेदाराकडे मी भांडार सांभाळत होतो. वडील माझ्या शाळेच्या वयातच गेलेले. आई आणि मी बोईसरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. नवरी घरात आली की लक्ष्मीपूजन व्हायचं, ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्या मुलाने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं आणि पेढे वाटायचे. आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरात हे असंच झालं होतं. माझं वेगळं इतकंच, की मी नाव बदलणार नाही असा शब्द दिला होता.

शब्द दिला तो घोलवडला, चिकूच्या वाडीत. तिचे वडील एका पारशी मालकाच्या वाडीवर कारभारी होते आणि वाडीतच राहत. आई, मामा आणि मी मुलगी पाहायला गेलो. बोलणी पसंतीकडे झुकल्यावर मामांनी सुचवलं, की मुलाला जरा वाडी दाखवा. तिची धाकटी बहीण पुढे आणि आम्ही दोघं मागे असे निघालो. थोडं चालल्यावर तिने विचारलं,

"तुमच्याकडे नाव बदलतात का?"

मी म्हटलं, बदलतात.

"माझं नका बदलू."

मी बरं म्हणालो. तिने नक्की का विचारलं, मी नक्की म्हणालो. मग तिने मोकळेपणाने ते नाव कुठून आलं ते सांगितलं. ती जन्मली तेव्हा वाडीच्या मालकाची आई बाळ पाहायला आली होती. तिच्या हातात सोन्याच्या बांगड्या होत्या, त्यांवर निळं मीनाकाम होतं, आणि बाळाने म्हणे त्या बांगड्यांवरची नजर काढली नाही. म्हातारी म्हणाली, हिचं नाव मीना ठेवा. त्यांच्या इराणी पूर्वजांच्या भाषेत मीना म्हणजे तो निळा रंग, तो चकाकणारा मुलामा, आणि म्हणून आकाशसुद्धा. तिच्या वडलांना ते आवडलं. तिच्या आईने पाळण्यात कुलदेवीचं म्हणून दुसरं नाव सांगितलं होतं, पण ते पुढे कुणी वापरलं नाही.

हे तिने सांगितलं तेव्हा मला ते फार छान वाटलं होतं, आणि तरीही.

लग्नाच्या आधी आईने नवं नाव ठरवलं. तिने ते मला विचारून ठरवलं नाही. भटजींना सांगून टाकलं आणि मग मला सांगितलं. मी म्हणालो, आहे तेच राहू दे की. आईने विचारलं, का? मुलीची तशी इच्छा आहे, हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. ते बोललो असतो तर लग्नाआधी मुलीशी काय काय बोलणं झालं याची चौकशी सुरू झाली असती. मी म्हणालो, नाव चांगलं आहे. आई म्हणाली, "मीन म्हणजे मासा. आपल्या घरात मासळी शिजत नाही, आणि मी सुनेला दिवसातून दहादा मासळी म्हणून हाक मारू?" मामा हसले. मीही हसलो. विषय तिथेच संपला.

ताटापुढे बसलो तेव्हा ती माझ्या डाव्या बाजूला होती आणि तिच्यामागे पाठराखीण म्हणून आलेली तिची धाकटी बहीण. मी अंगठी तांदळात टेकवली. पहिलं अक्षर मीनाचं नाही हे धाकटीला माझ्या खांद्यावरून दिसलं आणि ती "ताई" म्हणाली. बायकोने मान वर केली नाही. मी नाव पुरं केलं. अक्षर चांगलं आहे म्हणून मामांनी कौतुक केलं.

यानंतर जे झालं ते सांगितलं तर लोकांना गंमत वाटते. आईने नव्या नावाने हाक मारली की बायको वळायची नाही. हे मुद्दाम नव्हतं. ती मोरीपाशी भांडी घासत असायची, आई दारातून हाक मारायची, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आवाज चढवून, तेव्हा कुठे ती दचकून बघायची. मी एकदा तिला विचारलं, असं का करतेस? ती म्हणाली, "आईंनी हाक मारली की मला वाटतं शेजारच्या खोलीतल्या कुणाला तरी मारतायत." मी म्हणालो, मग तसं त्यांना सांग. ती म्हणाली, "शब्द तुम्ही दिला होता. तुम्ही सांगा."

मी सांगितलं नाही. आणि आईने आपल्या मनाने निष्कर्ष काढला, की सून कानाने कमी आहे.

एकदा तसं ठरल्यावर आईने मनापासून उपचार सुरू केले. खोबरेल तेलात लसूण कढवून ते कोमट तेल रोज सकाळी तिच्या कानात घातलं जाई. बायको आईच्या मांडीवर डोकं ठेवून एक कान वर करून पडायची आणि मग दुसरा. आई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणायची, होईल बरं. तिला खरंच वाईट वाटत होतं. शेजारणी आल्या की त्यांना ती हळू आवाजात सांगे, की मुलगी गुणाची आहे, कामाला वाघ आहे, एवढं एकच आहे. शेजारणी मग माझ्या बायकोशी ओरडून बोलत. ती त्यांना हळू आवाजात उत्तर द्यायची. कामावर जाण्याआधी चहाचा ग्लास घेऊन दारात उभा राहून मी हे रोज पाहत होतो.

तिचे कान उत्तम आहेत याचा पुरावा हवा होता असं नाही, पण तोही मिळाला. एक मासळी विकणारी बाई किनाऱ्याकडून टोपली घेऊन आमच्या आळीत यायची. आम्ही गिऱ्हाईक नव्हतो, पण फेरी संपली की पाण्यासाठी आमच्या ओट्याशी टेकायची. त्या दिवशी आई देवळात गेली होती आणि मला सुट्टी होती. बाईने रस्त्यावरूनच, फारसा आवाज न चढवता हाक दिली, "मीनाबाय, पानी दे गो." बायको मागच्या पडवीत वाळवण काढत होती. ती तिथून तांब्या घेऊन धावत आली. घराबाहेर तिला कुणी नाव विचारलं की ती मीनाच सांगते, हे मला तेव्हा कळलं.

मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी त्या बाईला म्हणालो, की संस्कृतात मीन म्हणजे मासा. ती पाणी पिता पिता थांबली.

"मासलीला मीना बोलतात? मंग मी टोपली भरून मीना इकतंय."

बायको पदर तोंडाला लावून हसली. मी विचारलं, तुमच्यात मुलीला असं नाव ठेवतात का? बाई म्हणाली, "आमी नाय ठेवीत. दिसभर तीच नावा घ्यावी लागतात, परत घरात कशाला?" मग तिने टोपली उचलली आणि जाताना माझ्याकडे बघून बायकोला म्हणाली, "तुजा घोव लय शिकलेला हाय गो."

त्यानंतर मला एक खोड लागली. बांधकामावर देशभरची माणसं होती, काही परदेशी इंजिनिअरसुद्धा होते. भांडारात कुणी सामान न्यायला आलं की मी त्या नावाविषयी विचारू लागलो. मद्रासकडचा एक ड्राफ्ट्समन होता, त्याच्या बहिणीचं नाव मीनाक्षी आणि घरात तिला मीनाच म्हणत. त्याने मला सांगितलं, की मासोळी नुसत्या नजरेने आपली पिल्लं वाढवते असं त्यांच्याकडे मानतात, तशी मदुरेची देवी नजरेने माणसं सांभाळते, म्हणून ती मीनाक्षी. मीन हा शब्द मुळात त्यांचाच आणि संस्कृतने तो उसना नेला, असंही त्याने ठासून सांगितलं. दवाखान्यातली नर्स वसईकडची ख्रिस्ती होती. ती म्हणाली, त्यांच्यात फिलोमिना हे संतिणीचं नाव, त्याचं घरोघरी मिना होतं, तिची मावशी मिनाच. एका अमेरिकन इंजिनिअरने पाकिटातून लेकीचा फोटो काढून दाखवला. तिचंही नाव मिना. त्याची आजी जर्मन होती, तिचं लांबलचक नाव विल्हेल्मिना, त्याचं शेपूट तेवढं नातीला दिलं होतं.

प्रत्येकाला खात्री होती की नाव आपलंच आहे. मला हे सगळं गोळा करताना बरं वाटे, आपण बायकोच्या बाजूने काही करतो आहोत असं वाटे. आता इतक्या वर्षांनी दिसतं, की अनोळखी माणसांना विचारणं सोपं होतं. आईला एक वाक्य सांगणं मला जमत नव्हतं, म्हणून मी ही भटकंती करत होतो. एकदा धीर करून आईला एवढंच म्हणालो, की मीना हे दक्षिणेत देवीचं नाव आहे. आई डाळ निवडत होती. ती म्हणाली, "मग दक्षिणेत ठेवावं."

तेवढ्यात मेहुणीचं लग्न ठरत आलं. माकुणसारचं स्थळ होतं. मुलगा शिकलेला, घरची पानवेलींची वाडी, माणसं खाऊनपिऊन सुखी. मुलगी पसंत होती, सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. आणि अचानक त्यांच्याकडून निरोप यायचे थांबले. आईच्या एका मावसबहिणीचं सासर त्याच गावात होतं. तिला आईने सुनेच्या कानांविषयी काळजीने सांगितलं होतं, आणि तिने तितक्याच काळजीने ते पुढे पोचवलं होतं. थोरली बहिरी निघाली म्हणजे घराण्यातच दोष असणार, धाकटीचं आज ना उद्या तेच होणार, असा हिशेब तिकडे झाला होता.

सासरे घोलवडहून आले. टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. माझ्या आईला त्यांनी फार आदराने विचारलं, "लहानपणी तिचा कान कधी फुटला नव्हता. इकडे आल्यावर ताप वगैरे आला होता का?" आई म्हणाली, ताप नाही, पण आहे खरं तसं, उद्याच पालघरला डॉक्टरांकडे नेते. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या बहिणीचं लग्न एका वाक्यावर अडलं होतं आणि ते वाक्य मला पाठ होतं. मी सासऱ्यांना चहा घ्या म्हणालो.

पालघरला आम्ही तिघं गेलो. डॉक्टर वयस्कर होते, मुसलमान, मराठी त्यांचं चांगलं होतं. त्यांनी कानात पाहिलं, कानाशी घड्याळ धरलं, मग तिच्या मागे उभं राहून आईने सांगितलेल्या नावाने हळू हाक मारली. ती भिंतीकडे बघत बसली. थोड्या मोठ्याने मारली. आई मला म्हणाली, बघ. डॉक्टरांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि लग्नाला किती दिवस झाले ते विचारलं. मी सांगितलं, वर्ष होत आलं. त्यांनी विचारलं, आधी हिला काय म्हणत? मी नाव सांगितलं. ते इतक्या हळू सांगितलं की त्यांनी "काय?" म्हणून पुन्हा विचारलं.

मग ते माझ्याशेजारी तसेच उभे राहिले आणि बाहेर न जाता, आम्ही दोघं बोलत होतो तेवढ्याच आवाजात म्हणाले, "मीना बेटी, ती खिडकी लाव जरा."

बाहेर खिडकी लागल्याचा आवाज आला.

आईला त्यांनी सांगितलं, "हिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, ते तेल आता भाजीत घाला." नाव छान आहे, असंही म्हणाले. त्यांच्या उर्दूत मीना म्हणजे सरबताची काचेची सुरई. बोईसरच्या गाडीची वाट पाहत आम्ही बाकावर बसलो तेव्हा आई एकदम म्हणाली, "मलाही वर्षभर नव्या नावाची हाक कळत नसे. मला कुणी तेल घातलं नाही. सासऱ्यांनी चिमटा फेकून मारला होता." बायकोने विचारलं, "आई, तुमचं काय होतं?" आईने ऐकलं नाही असं दाखवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "पण वळायला शिकले ना मी."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सासऱ्यांना बरोबर घेऊन माकुणसारला गेलो. मला वाटलं होतं, आता सगळं सोपं आहे. मुलाचे वडील ओसरीवर पानं लावत बसले होते, लहानमोठी पानं वेगळी करून ओल्या फडक्यावर रचत होते. त्यांनी हात न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

"ऐकू येतं म्हणता. मग सासू हाक मारते तर उत्तर का देत नाही?"

तिथे, परक्या ओसरीवर, मी ते वाक्य पहिल्यांदा बोललो. मीनाने मला नाव बदलू नका म्हणून सांगितलं होतं, मी हो म्हणालो होतो, आणि मग बदललं. तिला नव्या नावाची सवय नाही, यात दुसरं काही नाही. दोष असेल तर माझा आहे.

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. पण बोलले ते सासऱ्यांकडे बघून. "बहिरी असती तर आम्ही म्हटलं असतं, देवाची मर्जी, धाकटी तर धड आहे. आता हे म्हणतात कान चांगले आहेत. कान चांगले असून वर्षभर सासूच्या हाकेला ओ देत नाही, म्हणजे तुमच्या घरचं शिक्षणच तसं. उद्या आमच्याकडे काय होईल?"

मी पुष्कळ समजावलं. जितकं समजावलं तितकं ते बिघडत गेलं. नवऱ्याकडून लग्नाआधी वचन घेणारी मुलगी, हे त्यांना बहिरेपणापेक्षा जड वाटत होतं. निघताना त्यांनी सासऱ्यांच्या हातात पानांचा एक पुडा दिला आणि आम्हाला पायरीपर्यंत पोचवलं.

आम्ही केळवे रोड स्टेशनवर आलो. फलाटावर सासरे म्हणाले, "खरं सांगितलंत, बरं केलंत. पण हे तुमच्या घरी सांगायचं होतं. तेही लग्नाच्या आधी."

घरी आलो तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. स्थळ गेलं, असं मी तिला सांगितलं. तिने लाटणं ठेवलं, पिठाचे हात पुसले. मग विचारलं, "तिथं माझं काय नाव घेतलंत?"

मी सांगितलं.

"परक्या माणसांपुढे घेतलंत. घरात कधी नाही घेतलं," ती म्हणाली. "आईंना मी दोष देत नाही. त्या निदान हाक तरी मारतात. तुम्ही वर्षभरात मला कुठल्याच नावाने बोलावलं नाहीत."

ते खरं होतं. वडीलधाऱ्यांसमोर बायकोला नावाने हाक मारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. सगळे नवरे अगं म्हणत, ऐकलंस का म्हणत, तसाच मीही म्हणत होतो. दोन नावांच्या भांडणात त्यामुळे मला कधी बाजू घ्यावीच लागली नव्हती.

जेवणं झाल्यावर आई बाहेरच्या खोलीत वाती वळत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मीना म्हणून हाक मारली. माझाच आवाज मला चोरट्यासारखा वाटला. आत भांड्यांचा आवाज थांबला, पण ती आली नाही. आई वातीवरून नजर न काढता म्हणाली, "बाहेर दुसरं कुणी आलंय का?" मी पुन्हा हाक मारली. ती दारात आली आणि माझ्याकडे नाही, आईकडे बघत उभी राहिली. मला तिच्याकडून काहीच नको होतं. मी पाणी मागितलं. आईने हातातली वात पुरी केली, डबा बंद केला आणि आत जाऊन झोपली.

त्यानंतर आईने तिला मीना म्हटलं नाही, पण नवं नावही पुन्हा उच्चारलं नाही. शेवटपर्यंत ती सुनेला अगं म्हणायची, आणि सून पहिल्या हाकेला जायची.

मेहुणीचं लग्न पुढे डहाणूला झालं. माणसं साधी आहेत, माकुणसारच्यासारखी वाडी नाही. ती आमच्याकडे येते, जेवायला बसते आणि मला म्हणते, "भावोजी, तांदळातल्या त्या एका नावापायी माझं स्थळ गेलं." हसत म्हणते. मी तिला वाढत राहतो. एकदा बायको तिला म्हणाली, गेलं ते बरंच झालं, त्या लोकांनी तुझं नाव नक्की बदललं असतं.

"डहाणूला तरी कुठे तेच ठेवलं, ताई?" मेहुणी म्हणाली, आणि आमटी मागितली.